पिवळ्या पेन्सिलीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. रंगाने काळा, वजनाने भारी आणि स्वभावाने, खोटं कशाला सांगू, जळका.

माझं आयुष्य गेलं मिनेसोटातल्या डुलुथ गावी, सरोवराकाठच्या हॉल्वरसनांच्या घरात. मला विकत आणलं मर्लने. तो तिथल्या वर्तमानपत्रात बोटींच्या बातम्या लिही आणि सुटीच्या दिवशी कादंबरी. कादंबरी पहिल्याच प्रकरणात रुतून बसली. मग माझ्यापुढे त्याची बायको आर्डिस येऊन बसू लागली. ती नाटकं लिही. चुलीवर कॉफी आटून जाई, पण आमची टकटक थांबत नसे.

तिच्या एका नाटकावर सिनेमा निघाला. पटकथाही तिनेच लिहिली आणि तिला मोठं पारितोषिक मिळालं. एक चकचकीत पितळी पुतळी फडताळावर येऊन बसली. शेजारीपाजारी येत, पुतळी हातात धरून फोटो काढत. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. अरे, अक्षर न् अक्षर उमटवलं कुणी?

जळणारा मी एकटा नव्हतो. एका जेवणाच्या वेळी शेजारच्या टोलेफसनबाई म्हणाल्या, "मर्ल, आता तुला सगळे आर्डिसचा नवरा म्हणूनच ओळखणार हं!"

सगळे हसले. मर्ल ताटातला मासा चिवडत बसला. पाहुणे गेल्यावर म्हणाला, "ते मशीन माझं आहे. मला लागणार आहे."

"घे की! तू लिहिणार असशील तर आनंदच आहे."

"टोमणा मारतेस?"

"नाही रे, खरंच म्हणतेय."

पण त्याला तो टोमणाच लागला. त्याने मला तळघरात नेऊन ठेवलं. लिहिलं मात्र एक अक्षर नाही.

मला वाटलं, आता बघू ही बाई कशी लिहिते! तिने दुकानातून एक पिवळी पेन्सिल आणली आणि लिहू लागली. लिहिलेले संवाद ती मोठ्याने म्हणून बघे. मला खाली ऐकू येत. माझ्यावर लिहिलेल्यांपेक्षा ते सरस होते! त्या दीडदमडीच्या पेन्सिलीपायी, घरात सवत आल्यासारखा माझा जीव जळे. ओलीने बटणं गंजली ती वेगळीच.

वसंतात ते नाटक न्यूयॉर्कला लागलं. मर्ल गेला नाही. आर्डिसचा फोन आला तेव्हा तळघराचं दार उघडं होतं.

"हं... लोक उभे राहिले?... मला? मला काय वाटायचंय..." मग मर्लचा आवाज हळू झाला. "आर्डिस, मी जळतोय गं तुझ्यावर. सांगायलाही लाज वाटते."

मग तो हसला, पुष्कळ दिवसांनी. ती काय म्हणाली ते मला मागाहून कळलं: "अरे, मी पण जळते! तू एका बैठकीत बातमी लिहून मोकळा होतोस. मला एकेका वाक्याला आठवडा लागतो."

मर्लने मला वर आणलं, तेल घातलं. आर्डिस परतली तेव्हा मी मेजावर होतो.

"तुझं मशीन," तो म्हणाला.

"आपलं म्हण," ती म्हणाली.

आता मर्ल माझ्यावर कादंबरी लिहितो. ती अजून रुततेच. आर्डिस आधी पेन्सिलीने लिहिते आणि मग माझ्यावर स्वच्छ प्रत काढते.

मित्रांनो, वस्तू ओलीत टाकू नका, गंज चढतो. माणसांना तर तो फार लवकर चढतो. म्हणून कुणाचा हेवा वाटला, तर त्यालाच जाऊन सांगा. मला अजून ते जमलेलं नाही. ती पिवळी पेन्सिल माझ्या शेजारीच पडलेली असते, रोज थोडी थोडी आखूड होत.