हेडलीचा शब्द

"काका, तुमच्या तोंडावर सांगतो. मी कुठंही जात नाहीये," डेनिस हॅलम म्हणाला.

हेडली ऑर्मरॉडनं आरशात पाहिलं. मागं सगळा हरलेला संघ पेंगत होता. संघाची बस तो कित्येक वर्षं चालवत होता, आणि कप्तान डेनिस नेहमी त्याच्या पाठीमागच्याच जागेवर बसे.

ब्रॅकनशॉ टाउन हा फुटबॉल क्लब एका पिढीनंतर फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे सगळ्यांत वरच्या गटात, चढला होता. ऑगस्टमध्ये त्या गिरणीगावानं दारोदार निळ्या पताका लावल्या. नाताळपर्यंत त्या विटल्या आणि संघ तळाला जाऊन बसला. गोल काय ते डेनिसच करायचा. त्यामुळे तो किनाऱ्याकडच्या बड्या क्लबात चालला, अशी आवई उठली तेव्हा गावाचं धाबं दणाणलं.

ती आवई हेडलीनं खोडून काढली. पबात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, विचारेल त्याला तो सांगत सुटला, की मी स्वतः विचारलंय. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस. त्याचं म्हणणं लोकांनी मानलं. त्याच्या बायकोनं, मॉरीननं, तर डेनिससाठी मटणाचं सारण भरलेली पेस्ट्री भाजून धाडली. सोळाव्या वर्षी गावात आला तेव्हा तो यांच्याच माडीवर राहिला होता. त्या घरात दुसरं मूल कधी वाढलं नव्हतं.

पुढच्या पंधरवड्यात रेडिओवर बातमी आली. डेनिस गेला.

"काय हेडली, तोंडावर सांगितलं होतं ना त्यानं?" पबात आर्थर क्लेगनं विचारलं. हसलं कुणीच नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हेडली ग्लास अर्धा टाकून उठला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही.

खरं काय ते त्याला संघाचा मालिशवाला स्टॅन याच्याकडून कळलं. सौदा नाताळातच ठरला होता. गाव बिथरेल, मैदान ओस पडेल, या धास्तीनं क्लबाच्या अध्यक्षानंच डेनिसला सुचवलं होतं, की ड्रायव्हरच्या कानावर घाल, त्याचं लोक ऐकतात.

"आणि डेनिस काय म्हणाला?"

"म्हणाला, काका माझ्यावर कधी शंका घ्यायचे नाहीत."

हे हेडलीनं मॉरीनला सांगितलं नाही. बस मात्र चालवत राहिला.

मे महिन्यात शेवटचा सामना पडला तो नेमका डेनिसच्या नव्या क्लबाच्या मैदानावर. बरोबरी झाली असती तरी ब्रॅकनशॉ वरच्या गटात तगलं असतं. एकच गोल झाला, तो डेनिसनं केला. गोल झाल्यावर त्यानं हात वर केले नाहीत, मान खाली घातली. खालच्या डिव्हिजनमध्ये जाणाऱ्यांना त्याचा काय उपयोग?

खेळाडू एकेक करून बसमध्ये चढले. शेवटी दाराशी डेनिस आला. नवा कोट, ओले केस. त्यानं हात पुढं केला.

"काका, माझा नाइलाज होता. तुम्ही समजून घ्याल."

"जाण्याचं कुणाला दुःख नाही रे," हेडली म्हणाला. "जायचंच होतं तर गप्प राहून जायचंस. माझं तोंड कशाला वापरलंस?"

डेनिसनं एक पाय बसच्या पायरीवर ठेवला. हात तसाच होता. हेडलीनं त्याला पाय मागं घ्यायला सांगितलं आणि दार लावलं.

ब्रॅकनशॉला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. चौकात थोडी माणसं उभी होती, त्यांत आर्थरही होता. बस जवळून गेली तशी त्यानं टोपी काढून हातात धरली.

घरी मॉरीननं चहा ओतला. बराच वेळ ती कपाच्या कानाशी चाळा करत राहिली.

"भेटला का रे तो? माझी चौकशी केली का?"

हेडलीनं बुटाची नाडी सोडायला घेतली. "गर्दी फार होती," तो खाली बघत म्हणाला. "दिसलाच नाही."