तीन गाठींची बाटली

८०

फळीवर तीन बाटल्या असतात. संध्याकाळी पाच वाजता तिथे दोनच होत्या.

मी लाकडाला पॉलिश करतो. माझ्या तिन्ही बाटल्या दिसायला सारख्या, म्हणून त्यांच्या गळ्यात सुतळी बांधलेली असते. एक गाठ म्हणजे स्पिरिट. दोन गाठी म्हणजे थिनर. तीन गाठी म्हणजे रिमूव्हर. जुना रंग उतरवायला ते लागतं. ब्रशनं फासायचं, दहा मिनिटं थांबायचं, रंगाला फोड येतात आणि तो सालीसारखा सुटतो. नजर कामावर असताना नुसत्या बोटांना कळावं म्हणून गाठी.

उरलेल्या दोन बाटल्या मी चाचपल्या. एक गाठ. दोन गाठी.

पुन्हा चाचपल्या.

पॉलिश पेपरच्या डब्यातून चारशे नंबरचा तुकडाही गेला होता. दुपारी शाळेतून घरी जाताना चिमटी कारखान्यात डोकावून गेली होती. मी जेवत होतो. चिमटी म्हणजे माझी मुलगी, वय अकरा. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढीशी होती, तेच नाव राहिलं.

कारखान्याला कुलूप लावलं की नाही, मला आठवत नाही.

१२०

(कागदाचा आकडा जितका लहान तितका तो खरखरीत. काम ऐंशीपासून सुरू करायचं आणि चढत जायचं. मधला नंबर गाळला तर ओरखडे राहतात, म्हणून आता सकाळचं सांगतो.)

माझ्या अंगठ्यानं आजवर न विचारता तपासलेल्या गोष्टी:

मेहुणीच्या घरचं जेवणाचं टेबल. कड खरखरीत. तसं बोललोही. वर्षभर आमचं येणंजाणं बंद.

बँकेचा काउंटर.

सासऱ्यांची काठी, त्यांच्या हातात असताना.

आज सकाळी पावणेआठ वाजता, चिमटीचं कपाळ.

गेले दोन महिने तिच्या कपाळावर बारीक पुळ्या येत होत्या. आधी मोहरीएवढ्या, भांगाजवळ. मग नाकावर, हनुवटीवर. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. या वयात येतात, जातात. ती पाठीवर दप्तर घेऊन दारात उभी होती, शेजारी तिची मैत्रीण. जाताजाता माझा अंगठा तिच्या कपाळावरून फिरला, नेहमी फळीवरून फिरतो तसा, आणि मी म्हणालो, "अजून दोन हात मारावे लागतील हिला. मगच पॉलिश."

मैत्रीण हसली. चिमटीही हसली. आपण सकाळी सकाळी दोन पोरींना हसवलं, या खुशीत मी कामाला गेलो.

उद्या शाळेत फोटो होता, ओळखपत्रासाठी. "सहावी ते दहावी एकच कार्ड, बाबा. पाच वर्षं हाच फोटो." या आठवड्यात ती हे चारदा तरी बोलली असेल. शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसं मी ते ऐकलं होतं.

१८०

घर. दोन जिने मी कसे चढलो, विचारू नका.

बाथरूमचं दार बंद. आतून कडी. आणि आवाज:

टक्.

टक् टक्.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. रिमूव्हरचं झाकण नेहमी अडकतं. आट्यांमध्ये जुनं वाळून बसतं, मग मी ते पकडीनं उघडतो. चिमटीकडे पक्कड नव्हती. ती झाकण नळावर आपटत होती.

म्हणजे अजून उघडलेलं नव्हतं.

"चिमटे."

आवाज थांबला. "अंघोळ करतेय."

"बाटली आत आहे ना?"

"कुठली बाटली?"

"तीन गाठींची."

आत आणखी एक टक्. मग, "तिला गाठी नाहीत आता. कापल्या मी. आईनं बघितली असती तर विचारलं असतं."

"बरं. आता ती खाली ठेव. फरशीवर. उभी."

"तू ओरडणार."

"नाही ओरडणार."

"आत्ताच ओरडतोयस."

खरंच ओरडत होतो. मी दाराला कपाळ टेकवलं. हे दार मीच पॉलिश केलंय, सात हात. कडीही मीच बसवली, चांगली पितळी, चार स्क्रूंची. वाऱ्यानं आपटायला नको म्हणून. खांदा मारला असता तर दार कदाचित तुटलंही असतं. आणि आत ती बाटली दोन्ही हातांत धरून, चेहऱ्यासमोर.

२२०

चिमटीची आई औषधांच्या दुकानात काउंटरला असते. फोन तिनं तिसऱ्या वेळेला उचलला.

"गिऱ्हाईक आहे, पटकन बोल."

मी बोललो. मग तिचा आवाज बदलला. रडणारी बाई काउंटरवर आली की ती जो आवाज काढते, तो.

"उघडलंय?"

"नाही. दार तोडू?"

"अजिबात नाही. दचकली तर डोळ्यांत जाईल. बोलत राहा. अंगावर सांडलंच तर पाणी. साधं, वाहतं. वीस मिनिटं, घड्याळ लावून. आणि सरळ दवाखान्यात. वर काहीही चोपडायचं नाही, तुझी अक्कल लावायची नाही. मी निघालेय."

"बरं."

"ऐक." तिच्या चपलांचा आवाज यायला लागला होता. "माझ्या पर्समध्ये ट्यूब आहे तिच्यासाठी. सौम्य फेसवॉश. वास नाही, रंग नाही. तीन आठवडे झाले आणून."

"मग दिली का नाहीस?"

"दिली असती तर म्हणाली असती, म्हणजे दिसतंय."

दिवसभरात ती किती आयांना समजावते. पोरांच्या चेहऱ्याला काय लावावं, काय लावू नये. दिव्याखाली अंधार. पण मी कोण तिला हे म्हणणारा? तिनं निदान ट्यूब तरी आणली होती. मी अंगठा फिरवला होता.

३२०

"कपाळाचं काय केलंस?" मी विचारलं.

"कागद मारला."

"चारशेचा?"

"हो. ओला करून. तूच म्हणतोस ना, शेवटचा हात ओल्या कागदानं." नाक ओढल्याचा आवाज. "काही गेलं नाही. नुसतं लाल झालं. आग होतेय."

डोक्याचा एक कोपरा म्हणत होता, कागद बरोबर निवडला पोरीनं. त्या कोपऱ्याची मला अजून लाज वाटते.

"चिमटे, कातडी म्हणजे लाकूड नाही."

"गेल्या शनिवारी त्या जुन्या कपाटाला तूच म्हणालास. सगळं डागाळलेलं होतं. तू हे फासलंस आणि म्हणालास, बघ चिमटे, जुनं सगळं निघतं आणि खाली कसं कोरं करकरीत."

म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत. वर टाळीही मागितली होती.

"ते कपाट—"

"आज तू म्हणालास ना, दोन हात मारावे लागतील. माझ्या मैत्रिणीसमोर. तिनं वर्गात सगळ्यांना सांगितलं. मधल्या सुट्टीत सगळे मला खरखर, खरखर म्हणत होते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इथे हात माझा आणि भोगणं तिचं.

मग आत नळ सुटला.

क्षणभर मला बरं वाटलं. तोंड धुतेय, असं वाटलं. मग दाराखालच्या फटीतून वाफेचा उबारा माझ्या पायाच्या बोटांना लागला.

पक्कड सापडली नाही की मी अडकलेलं झाकण गरम पाण्याखाली धरतो. अर्ध्या मिनिटात आटे सुटतात. ती माझ्याबरोबर दर शनिवारी कारखान्यात येते. तिनं ते दहादा तरी पाहिलं असेल.

गिझरचं बटण बाहेर होतं. मी ते बंद केलं. पण टाकीत पंधरा लिटर तापलेलं पाणी होतंच.

४००

सांगण्यासारखं माझ्याकडे एकच उरलं होतं, आणि ते मी सहा वर्षं लपवलं होतं.

"माझ्या मनगटावरचा डाग आठवतो?"

पाण्याचा आवाज.

"डावं मनगट. पाच वर्षांची असताना तू त्यावर पेनानं डोळे काढायचीस. म्हणायचीस, हा बाबाचा मासा."

"जन्मखूण आहे ती," आतून.

"नाहीये."

पाण्याचा आवाज.

"खोटं सांगितलं होतं तुला. ती तीन गाठींची बाटली आहे. झाकण असंच अडकलं होतं. पक्कड शोधायचा कंटाळा केला, गरम पाण्याखाली धरलं, जोर लावला, आणि ते एकदम सुटलं. एक थेंब, चिमटे. वाटाण्याएवढा. मी लगेच पाण्याखाली हात धरला तरी रात्रभर झोपलो नाही. महिनाभर पट्टी होती. तुला सांगितलं, बाबाला काम करताना खरचटलं. पट्टी निघाल्यावर तू विचारलंस, हे काय? म्हटलं, जन्मखूण. तेव्हापासून जन्मखूण."

"खोटं का सांगितलंस?"

"तू कारखान्यात यायला घाबरली असतीस. मला तू तिथे हवी असायचीस."

पाणी पडतच होतं. मी बोलत राहिलो.

"खाली कोरं काही निघालं नाही. तो मासा निघाला. कपाटाचं वेगळं. लाकूड मेलेलं असतं. त्याला मी काहीही केलं तरी ते ओरडत नाही, आणि त्याचं त्याला काही भरूनही काढता येत नाही. तुझं कपाळ आपलं आपण भरून येतं. फक्त त्याला—" माझा अंगठा दारावरून फिरत होता, तो मी थांबवला. "त्याला कोणी हात लावायला नको. माझ्यासारख्यानं तर नकोच."

आत काहीतरी फिरल्याचा आवाज झाला. कर्र. झाकणाचा.

"चिमटे?"

"अर्धं फिरलंय," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक, पाच वर्षांचा. "वास येतोय. बाबा, आता काय करू?"

"परत फिरव. उलटं. हळू. घट्ट नाही झालं तरी चालेल."

कर्र.

"आता खाली ठेव. उभी."

काचेचा फरशीला लागलेला आवाज.

"हात नळाखाली. थंड नळ. मग दार उघड."

पाणी. किती वेळ, माहीत नाही. मग पितळी कडी सरकली. ही कडी फार गुळगुळीत सरकते, आवाज करत नाही. मी दारावरच टेकलो होतो, त्यामुळे जवळजवळ आत पडलो.

पुसायचं फडकं

कपाळावर दोन बोटं रुंदीचा पट्टा. लालभडक, ओला, कागदाच्या दिशेनं बारीक रेघा. बाकी चेहरा जसाच्या तसा, पुळ्यांसकट. इतका छान चेहरा मी आजवर पाहिलेला नाही.

माझा हात उठला. तिनं मान मागे घेतली. मी हात खिशात घातला.

बाटली मी फडक्यात गुंडाळून गॅलरीत नेली. आता ती कारखान्यात कुलपातल्या पेटीत आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. हे आधीच करायला हवं होतं, हे तिची आई मला आठवड्यातून तीनदा सांगते. मी ऐकून घेतो.

त्या संध्याकाळी आई धापा टाकत आली, चपला न काढता. तिनं लेकीचे हात उलटसुलट पाहिले, डोळे पाहिले, बोटांचा वास घेतला. मग कपाळाला थंड पाणी, हलक्या हातानं टिपणं आणि साध्या व्हॅसलिनचा पातळ थर.

"ट्यूब?" मी विचारलं.

"आज नाही. आधी हे भरू दे. घासलेल्या जागी काहीच झोंबायला नको." मग लेकीला, "तुझ्यासाठी आणलेली आहे. मीच दिली नाही. चुकलं माझं."

"दिसतं का खूप?" चिमटीनं विचारलं.

आईनं खोटं बोलायला तोंड उघडलं, मी पाहिलं. मग मिटलं. "दिसतं," ती म्हणाली. "तुझ्या वयात माझं याच्या दुप्पट दिसायचं. तुझी आजी मला लिंबू चोळायला लावायची. चार महिने साल निघत होती."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टा पाहिला. खोल गेलेलं नाही, डाग राहू नये, पण उन्हापासून जपा, म्हणाल्या. पुळ्यांसाठी सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी आणि ती सौम्य ट्यूब, फक्त बोटांनी. टॉवेलनं टिपायचं. वर हलकं, बिनतेलाचं मॉइश्चरायझर. फोडायचं नाही, घासायचं नाही. दुखऱ्या गाठी आल्या तर यायचं. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे.

"आठ?" चिमटी म्हणाली.

"आठ," मी म्हणालो. एका टेबलाचे सात हात वाळायची वाट मी बघतो, आणि मध्येच बोट लावून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ओरडतो. हे तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. लाकडावरून मी तिला बरंच काही सांगून झालेलं आहे.

फोटो दवाखान्याआधीच झाला होता. पुढच्या महिन्यात काढायला सांगते, चिठ्ठी लिहून देते, असं आई म्हणाली होती. चिमटीनं चिठ्ठी घेतली, शाळेपर्यंत नेली आणि दिलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "पुढच्या महिन्यातही खरखर म्हणणारच आहेत." कार्ड आलंय. कपाळावर लाल पट्टा, हनुवटीवर दोन पुळ्या, आणि ती कॅमेऱ्याकडे अशी बघतेय की कॅमेरावालाच ओशाळला असेल. पाच वर्षं.

आज अकरावा दिवस. पट्टा फिकट गुलाबी झालाय. नाकाशेजारी नवी पुळी आलीय, चांगली टपोरी. ती आरशासमोर उभी राहून तोंड टिपत होती, आणि दारातून माझा अंगठा खिशातल्या खिशात वळवळत होता.

तिला आरशात मी दिसलो.

"बघायचंय तर बघ," ती म्हणाली. "पण तिथूनच."

मी चौकटीला टेकलो. तिथूनच पाहिलं.