खिळ्यावरचा पत्रा

मिस्त्रीने फडक्यात गुंडाळलेली व्हॉल्व्हची प्लेट पिशवीतून काढली आणि दुकानदाराच्या काचेवर अशी आपटली, की आतल्या बेअरिंगच्या डब्या हलल्या.

"ही. जुन्या कॉम्प्रेसरची. पट्टी तुटलीय, बैठकही गेलीय. आख्खी द्या."

दुकानदाराने प्लेटकडे न बघता संगणकाकडे पाहिलं. "मॉडेल नंबर?"

"नंबर कशाला? डोळे नाहीत का?"

"डोळे आहेत, काका. पण अशाच दिसणाऱ्या चार प्लेटी आहेत माझ्याकडे. मशीनवर पितळी पाटी असेल बघा, तिच्यावर नंबर असतो."

"पाटी नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही!"

सकाळपासूनचं हे तिसरं दुकान. पहिल्याने मोटारगाडीचं सामान पुढे केलं होतं, दुसऱ्याने प्लेटचा फोटो काढून कुणाला तरी पाठवला आणि उत्तराची वाट बघत जांभया दिल्या. पूर्वी या गल्लीतली माणसं वस्तू तळहातावर तोलून तिचं कुळ सांगायची. आता नुसते पोपट बसवले होते. नंबर दिला तर बोलणार, नाहीतर मान वाकडी करणार.

"चारही मांडा इथे," मिस्त्री म्हणाला. त्याने प्रत्येकीवरून अंगठा फिरवला आणि एक उचलली. "ही."

"बसली नाही तर परत घेणार नाही हां."

"बसली नाही तर मी मिस्त्री म्हणवून घेणार नाही."

कॉम्प्रेसर बहिणीच्या घरामागच्या शेडमध्ये होता. तिचा नवरा रंगारी. लोखंडी कपाटांवर फवाऱ्याने रंग मारायचा. मिस्त्रीच्या लेखी हे काम नव्हतंच. लोखंड वळवणं, कापणं, जोडणं हे काम. त्याच्या तोंडाला रंग फासायला काय लागतं? बहिणीसाठी हे स्थळ बघितलं, तेव्हाही तो हेच म्हणाला होता, आणि तेव्हापासून मेव्हण्याला 'जावईबापू' म्हणत आला होता. त्यात मान किती नि टोमणा किती, हे रंगाऱ्याने कधी विचारलं नाही.

काल बहिणीचा फोन आला होता. "दादा, शाळेची चाळीस कपाटं अडकलीत. उद्या संध्याकाळपर्यंत मशीन चालू झालं नाही, तर आम्ही नवीन सांगतोय. नव्याबरोबर कंपनीचा माणूस असतो. तीन वर्षं तोच बघतो सगळं."

"म्हणजे माझी सुट्टी," मिस्त्री हसून म्हणाला होता, पण रात्रीचं ताट त्याने अर्धंच संपवलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो त्या मशीनकडे जायचा. बहिणीकडे जातो असं त्याने कधी म्हटलं नव्हतं. मशीनकडे जातो, असंच म्हणायचा. तेल बघायचा, पट्टा ताणायचा, मेव्हण्याला चार शब्द सुनवायचा आणि मग जेवायलाच थांब म्हणून बहीण हट्ट करायची. बायको गेल्यापासून तो दुसऱ्या कुठल्या घरी जेवला नव्हता.

शेडमध्ये शिरताना त्याची नजर सवयीने दाराजवळच्या खिळ्याकडे गेली. तिथे तळहाताएवढा एक पत्रा लटकत असे. नवा रंग कालवला, की रंगारी आधी त्याच्यावर फवारून छटा बघायचा. थरावर थर चढून त्याची पार गोधडी झाली होती.

"फेका हो ते ध्यान, जावईबापू. मी दुसरा कापून देतो."

"द्या ना," रंगारी नेहमीसारखा म्हणाला. मिस्त्रीने तीस वर्षांत तो दिला नव्हता.

प्लेट बसली. बोल्ट आवळले. रंगाऱ्याने बटण दाबलं, आणि आतून कुणीतरी हातोडा मारावा तसे तीन ठोके आले. मिस्त्रीने धावत जाऊन बटण बंद केलं.

"झटका दिलात तुम्ही!"

"बटणच दाबलं, दादा."

मिस्त्रीने परत सगळं उघडलं. नव्या प्लेटखालची स्क्रूची डोकी केसभर जास्त खाली आली होती. पिस्टन त्यांच्यावर आदळत होता. दुसरी प्लेट घ्यायला हवी होती. उरलेल्या तिनांतली कुठली, हे आता अंगठा सांगेना.

बहीण दारात येऊन उभी राहिली. "नंबर असता तर झालं असतं ना रे? ती पाटी गेली कुठे पण?"

मिस्त्रीने मशीनच्या अंगावरचा रंग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला. दोन बारीक भोकं दिसली. मशीन आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने कानशीने रिव्हेटा घासून पाटी उतरवली होती आणि कचऱ्यात फेकली होती. त्याच्या उस्तादाची शिकवण होती: पाटी काढली की गिऱ्हाईक बांधलं. त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही मशीनवर पाटी उरली नव्हती. नंबर त्याला तोंडपाठ असत. या मशीनचे आता पहिले दोनच आकडे आठवत होते.

"काढली असेल कुठल्या तरी गाढवाने," तो म्हणाला.

रंगाऱ्याने हात पुसले. दाराजवळ जाऊन त्याने खिळ्यावरचा पत्रा काढला, उलटा केला, आणि थिनरमध्ये बुडवलेल्या बोळ्याने मागची बाजू पुसली. ग्रीसच्या थराखालून पितळ उजळलं. अक्षरं आली, मग आकडे.

"हे घेऊन जा, दादा," तो म्हणाला.

बहिणीला एकदम कपाटाच्या कडीत काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

मिस्त्रीने पाटी हातात घेतली. आकड्यांवरून अंगठा फिरवत विचारलं, "कधीपासून आहे?"

"त्याच संध्याकाळपासून. कचऱ्यात चमकली."

"मग नंबर सांगून कुठूनही सामान आणायचंत. कोणीही बसवून दिलं असतं."

"दिलं असतं की. पण तुम्ही नुसते भेटायला थोडेच येणार होता?"

मिस्त्री उठला आणि पायताण शोधू लागला. ते पायातच होतं.

"आता कसं!" दुकानदार नंबर वाचून म्हणाला आणि पाच मिनिटांत प्लेट पुढे ठेवली.

उन्हं कलायच्या आत कॉम्प्रेसर धापा टाकत सुरू झाला. दाबाचा काटा चढू लागला. बहिणीने नवीन मशीनवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मिस्त्री मात्र कोपऱ्यात एका तुटक्या कपाटाचा पत्रा कापत बसला होता. चारही कडांवरून त्याने कानस फिरवली, बोटाने धार तपासली, पुन्हा फिरवली. मग वर एक भोक पाडलं.

"पाटी मशीनवर मारताय ना, दादा?" रंगाऱ्याने विचारलं. "रिव्हेटा आहेत माझ्याकडे."

मिस्त्रीने पाटी उलटसुलट केली. "इतका थर चढवून ठेवलाय, बसणार कुठे ती? रंगाऱ्याला अक्कल असती तर काय हवं होतं! आणि मारायची कशाला? उद्या कोणी उपटसुंभ येऊन वाचेल."

तो दाराजवळ गेला. आकडे भिंतीकडे करून त्याने पाटी होती तशी खिळ्यावर अडकवली आणि तिच्यावर नवा पत्रा टांगला.

"रविवारी तेल बदलायला येतो, भावजी," तो म्हणाला, आणि फडक्याने हात पुसत राहिला.