लग्नापुरते केस

मालसुनचा अंबाडा एके काळी कोरियातल्या मासानच्या अख्ख्या मासळीबाजारात नावाजलेला होता. छातीतली कर्करोगाची गाठ काढल्यावर ती उलटू नये म्हणून इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, अडवणारी गोळी सुरू झाली आणि केस असे विरळ झाले की नुसती टाळू दिसायला लागली. तशी ती रडूबाई नव्हे. पण एकुलत्या एका लेकाचं, ग्यूहोचं लग्न ठरलं आणि तिचा धीर सुटला. लग्नात दोन्ही विहिणींनी हानबोक हा परंपरेचा पोशाख घालून, केस चापून मागे बांधून, भरल्या मांडवात मेणबत्त्या पेटवायच्या. झाकणार काय आणि कशानं? सुनेच्या माहेरी तर आजाराचं अवाक्षरही कळू द्यायचं नव्हतं.

"केसांचा टोप लाव ना, आई," ग्यूहो म्हणाला.

"आणि वाकताना विहीणबाईंच्या पायावर पडला म्हणजे?"

त्वचेच्या डॉक्टरकडून तिनं टाळूला लावायचं औषध आणलं. गाठीचं मात्र तिथे लपवलं. मग शंका आली म्हणून बाटली घेऊन, ज्यांनी गाठ काढली त्या प्यो डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"मावशी, यात बायकांच्या हार्मोनचाच भाऊबंद आहे. तुमची गोळी ज्याला अडवते, त्यालाच डोक्यातून आत घेणार? दोन्ही एकत्र नकोच."

कोणतं सोडायचं हे सांगायची बाईंना गरज वाटली नाही. मालसुनलाही ते कळत होतंच. तिनं गोळी सोडली. लग्नापुरतीच, असं स्वतःला बजावलं. खुळी कुठली!

केस आले. लग्नात विहीण म्हणाली, "तुमच्या शेजारी उभं राहायची मलाच लाज वाटते हो!" मालसुन दिवसभर हसत होती. दुसऱ्याच दिवशी तिनं गोळी पुन्हा सुरू केली. पण पुढे कंबर धरली, आणि तपासणीत दुखणं हाडांत उतरलेलं निघालं.

बाईंना तिनं खरं ते सांगितलं आणि त्यांचे हात धरले. "पोराला कळू देऊ नका. लग्नाच्या दर वाढदिवसाला त्याच्या घशाखाली घास उतरणार नाही."

ग्यूहो आत आला तो पेटलेलाच. "माझी आई नेमानं गोळी घेत होती! मग हे झालंच कसं? कसल्या डॉक्टर तुम्ही?"

बाईंनी मालसुनकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "मी नीट सांगायला हवं होतं."

ग्यूहोनं मग तोंडाला येईल ते ऐकवलं. पोटच्या पोरासाठी मालसुननं दुसऱ्याच्या लेकीला शिव्या खाऊ दिल्या.