खंजिरीच्या पिशवीतला कीबोर्ड

अंकिताची टायपिंगची परीक्षा वर्ध्याला होती, अकरा वाजता. आम्ही अल्लीपूरहून सकाळच्या पहिल्याच एसटीनं निघालो. माझ्या मांडीवर खंजिरीची पिशवी होती, पण तिच्यात खंजिरी नव्हती. घरचा कीबोर्ड होता.

"बाबा, हा काऊन आणला?"

"असू दे. रूपराव महाराज कधी दुसऱ्याच्या चिपळ्या घेते का? वाजवायचं तं आपलंच पाह्यजे."

"तुमी अन् तुमचे महाराज," ती म्हणाली आणि हसली. गावच्या देवळात महाराजांच्या कीर्तनाला खंजिरीवर मीच असायचो.

तहसील कचेरीत मी एकतीस वर्षं टायपिस्ट होतो. रेमिंग्टनच्या मशीनवर माझी बोटं तयार झाली आणि त्याच मांडणीवर मी लेकीची बोटं तयार केली. डाव्या मधल्या बोटाखाली क, उजव्या तर्जनीखाली र, उजव्या अनामिकेखाली स. पुढं कॉम्प्युटर आला, पण तीच मांडणी त्यातही मिळायची, म्हणून आमचं काही अडलं नाही. लिपिकाच्या पाच जागा होत्या. लेखी परीक्षेत अंकिता चौथी आली होती. टायपिंगला मिनिटाला तीस शब्द लागत होते आणि तिचा वेग बेचाळीस होता. शाळेच्या कचेरीत नऊ वर्षं कंत्राटावर राबून ती घरी बसली होती, आता साडीच्या दुकानात उभी राहायची. दिवाळीनंतर तिला अडतीस पूर्ण होणार, म्हणजे वयाची मर्यादा संपणार. हा शेवटचा फॉर्म होता, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

केंद्र म्हणजे एका कॉलेजची तळमजल्यावरची खोली. आम्ही घरची माणसं व्हरांड्यात, खिडकीच्या गजांशी. आधी दहा मिनिटं सरावाची होती. अंकिताचे हात धावले आणि थांबले. पुन्हा धावले, पुन्हा थांबले. मग तिनं हात वर केला.

गळ्यात ओळखपत्र घातलेला स्वप्निल नावाचा पोरगा मशीनं सांभाळत होता. त्यानं तिचं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. तरी तेच. मला राहवेना. मी पिशवी घेऊन आत शिरलो.

"काका, घरच्यायले आत येता येत नाई."

"घरचा नाई, मी मास्तर आहो तिचा. काय झालं बेटा?"

"मी 'सरकार' टाइप करून राह्यले बाबा, अन् हे पाहा काय उमटते."

पडद्यावर 'तर्कर' असं काहीतरी होतं. नुसते दोन र तेवढे जागेवर.

"कीबोर्ड खराब आहे तुमचा," मी म्हणालो आणि पिशवीतून आमचा काढला. वापरून वापरून त्याच्या खटक्यांवरची अक्षरं पुसली होती. अंकिताला ती लागतच नव्हती.

स्वप्निलनं डोकं खाजवलं. "लावा काका. तुमचं समाधान होऊ द्या."

त्यानं जुनी वायर काढून आमची खोचली. अंकितानं डोळे मिटून 'सरकार' टाइप केलं. उमटलं तेच, तर्कर.

"काका, अक्षरं कीबोर्डात नसतेत," स्वप्निल हळू आवाजात म्हणाला. "कोणता खटका दाबला तं काय उमटवायचं, हे मशीन ठरवते."

माझ्या रेमिंग्टनच्या प्रत्येक दांडीच्या टोकाला अक्षर ओतलेलं असायचं. बोट लावून दाखवता यायचं, हा इथं क आहे. कीबोर्डही तसाच असेल असं मी आजवर धरून चाललो होतो.

स्वप्निलनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या 'मराठी'वर दाबून यादी उघडली. यादीत एकच नाव होतं, इन्स्क्रिप्ट. ती सरकारी, निराळी मांडणी. त्यात क दुसरीकडं, स तिसरीकडं. रेमिंग्टन जोडायला तो सेटिंगमध्ये गेला, तर जोडायचं बटणच फिकं पडलेलं.

"हे बंद आहे. उमेदवारानं फॉर्ममधी जी मांडणी भरली, तेवढीच वरून येते."

"मंग वरून चूक झाली! लावा फोन!" माझा आवाज चढला. खोलीतली पोरं वळून पाहू लागली. "माह्या पोरीनं जन्मात इन्स्क्रिप्टले हात नाई लावला. तिचं नुकसान कोण भरून देईन?"

"बाबा, हळू बोला न."

"हळू काऊन बोलू? आपली काय चूक आहे?"

"फॉर्मची प्रिंट आहे काय काका?" स्वप्निलनं विचारलं. "त्यात रेमिंग्टन असन तं मी साहेबायशी भांडतो. आत्ता."

प्रिंट होती. फॉर्म भरला त्या दिवसापासून ती खंजिरीच्या पिशवीतच होती, तळाशी, घडी घालून. कोपऱ्यावर काल्याच्या दह्याचा डाग पडला होता. मी न वाचताच ती त्याच्यापुढं आपटली. "घ्या!"

त्यानं वाचली. मला परत न देता अंकिताच्या हातात दिली.

तेव्हा मला तो दिवस आठवला. फॉर्मची शेवटची तारीख आणि आमच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन एकाच दिवशी आलं होतं. अंकिताला दुकानातून सुट्टी नव्हती, म्हणून गावातल्या चंदनच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर मी गेलो. तिनं बजावलं होतं, "बाबा, कीबोर्डचं लेआऊट तेवढं पाहून घेजा." सगळं भरून झालं आणि चंदननं विचारलं, "काका, लेआऊट कोणतं टाकू?" तेवढ्यात देवळाकडून मृदंग ऐकू आला. महाराज माझ्या खंजिरीसाठी थांबत नाहीत. "यादीत वर जे आहे ते ठेव बापा, तिकडं सुरू झालं." संध्याकाळी तिच्या तळहातावर काला ठेवला तेव्हा तिनं विचारलं होतं, "लेआऊट पाह्यलं न?"

"पाह्यलं," मी म्हणालो होतो.

अंकितानं कागद वाचला आणि होता त्याच घडीवर मिटला.

"बाबा, तुमी बाहेर थांबा." मग स्वप्निलला म्हणाली, "दादा, इथलाच कीबोर्ड परत लावून द्या. त्यावर अक्षरं तरी दिसतेत."

मी गजांशी उभा राहिलो. बाकीच्यांचे हात पाऊस पडावा तसे पडत होते. माझी लेक मान खाली घालून एका बोटानं अक्षर हुडकत होती, पहिलीतल्या मुलीसारखी. र आला की तेवढं बोट झटकन पडायचं. वेळ संपल्यावर पडद्यावर आकडा आला. स्वप्निलनं तो पाहिला आणि दुसऱ्या रांगेकडं निघून गेला.

"किती?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"नऊ."

एसटीत ती खिडकीकडं बसली. मी म्हणालो, "चंदननं तरी सांगाले पाह्यजे होतं." तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते बोललो नसतो तर बरं झालं असतं.

अल्लीपूरला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. एकादशी होती. देवळाच्या भोंग्यावर टाळ लागले होते. घरी आल्यावर अंकितानं माझ्या हातातून पिशवी घेतली, कीबोर्ड काढून फळीवर ठेवला, खुंटीवरची खंजिरी आत घातली आणि पिशवी माझ्यापुढं धरली.

"जा न बाबा. सुरू झालं असन."

शिवी दिली असती तर मी घरी थांबलो असतो. तिनं शिवी दिली नाही. तिच्यासमोर बसायची हिंमत नव्हती, म्हणून मी गेलो.

महाराजांनी मानेनंच जागा दाखवली. निरूपण रंगात आलं होतं. देव भक्ताच्या साऱ्या चुका पोटात घालतो, ते सांगत होते, आणि माणसं माना डोलवत होती. देवाचं पोट मोठं आहे. अंकितानं माझी चूक कुठं घालावी? आजवर या ओळीला माझे डोळे भरून यायचे. त्या दिवशी कोरडेच राहिले.

मग गजर सुरू झाला आणि मी खंजिरी उचलली. बोटं एकदाही चुकली नाहीत. त्यांच्यासाठी सगळं जागच्या जागी होतं.