पेटीचा तळ

आमच्या टेबलावर एक नियम आहे आणि तो मीच केलाय, त्यामुळे त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडता येत नाही. खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांचे फोन खजिन्याच्या पेटीत जातात. पेटीला खरं कुलूप आहे. त्याची किल्ली खेळातच कुठंतरी दडवलेली असते, आणि ती हाती लागेपर्यंत बाहेरचं जग बंद.

मी सुतार. दर रविवारी दुपारी धाकट्या बहिणीच्या घरी आम्ही चौघं जमतो, पडदे ओढतो आणि खेळायला बसतो. मी गोष्ट सांगतो, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होतात आणि जिथं घोडं अडेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकतात. पुष्कळ लोक हा खेळ नुसता तोंडानं खेळतात. मला ते पटत नाही. गोष्टीत तलवारीची मूठ आली की ती हातात यायला हवी, पत्र आलं की त्यावरची लाख फोडावी लागायला हवी. धाकटी म्हणते, दादाला गोष्ट सांगता येत नाही म्हणून तो वस्तू करतो. म्हणू दे.

ती पेटी ही माझी सगळ्यात मोठी शेखी. जाड लाकूड, कोपऱ्यांना एकही खिळा नाही, वरून लोखंडी पट्ट्या, आत लाल मखमल. गिऱ्हाइकांना मी तिचा फोटो दाखवतो. हत्तीनं पाय दिला तरी फुटणार नाही, असं मी निदान शंभर वेळा बोललो असेन.

नियमातून सूट एकालाच होती, धाकटीच्या नवऱ्याला. आम्ही त्याला जावईबापू म्हणतो आणि चिडवायचं म्हणून अहो-जाहो करतो. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. एकोणीस महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि एकोणीस महिने किडनी मिळण्याच्या यादीत नाव. रुग्णालयातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की फोन कधीही येईल. आधी त्याच्या नंबरवर, मग बायकोच्या, मग माझ्या. दहा मिनिटांत रुग्ण स्वतः बोलला नाही तर यादीतलं पुढचं नाव. म्हणून त्याचा फोन पेटीत जात नसे. फाशाशेजारी पालथा पडलेला असे, आवाज पूर्ण मोठा करून. त्याचा बाहेर होता म्हणून तर आमचे बिनघोर आत जात.

त्या रविवारी मी प्रत्येकाला एक मंतरलेली पाटी दिली होती. काळी, गुळगुळीत, तळहातात मावणारी, एका बाजूला कोरलेली खूण. तीन दिवस पॉलिश घासलं होतं. माप कुठून घ्यावं सुचेना, तेव्हा सरळ माझ्या फोनचं घेतलं. किल्ली मी टेबलावरच्या जाड मेणबत्तीत, मेण ओततानाच, पुरली होती. तिसऱ्या तासाला मेणबत्ती जळत तिथवर पोचणार आणि किल्ली आपोआप ताटलीत पडणार. मी स्वतःवरच खूश होतो.

फोन गोळा करायला पेटी घेऊन जावईबापूच फिरले. मी कुलूप लावलं. तासाभरानं दातवाली, म्हणजे आमच्यातली चौथी, दातांची डॉक्टर आणि खेळातली चोर, एका बुरुजाच्या दारापाशी दबकत पोचली होती. तेवढ्यात फोन वाजला.

आम्ही सगळ्यांनी जावईबापूंच्या फाशाशेजारी पाहिलं. ती काळी वस्तू गप्प होती. आवाज पेटीतून येत होता, मखमलीत गुदमरलेला.

मी ती वस्तू उचलली. लाकूड होतं. माझंच पॉलिश, माझीच खूण. तिघांच्या तीन पाट्यांतली ती एक होती आणि तासभर आम्ही तिलाच फोन समजत होतो.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं टेबलाकडं. काही विचारायला वेळच नव्हता. मी मेणबत्ती विझवली आणि टेबलाच्या कडेवर आपटली. दोन तुकडे झाले, किल्ली बाहेर आली. मेण पुसून कुलपात घातली, फिरवली, आणि ती कट् आवाज करून मोडली.

अर्धी किल्ली माझ्या हातात राहिली. मोडल्या जागी पांढरट लाकूड दिसत होतं.

मी किल्ल्या दोन केल्या होत्या. एक खरी लोखंडी, एक खेळात हाताळायला लाकडाची, वर लोखंडी रंग, मुठीत वजनाला शिसं. काजळी लावून दोन्ही इतक्या सारख्या केल्या की स्वतःचीच पाठ थोपटली होती. मेणात चुकून लाकडाची गेली होती आणि खरी किल्ली कारखान्यात खिळ्याला लटकत होती. कारखाना वीस मिनिटांवर, आणि सगळी हत्यारंही तिथंच.

पेटीतला फोन थांबला.

धाकटी नवऱ्याच्या आजाराची फाईल उचलून जिन्यानं खाली पळाली, कुणाकडून तरी फोन मागून रुग्णालयाला लावायला. दातवालीनं केसांतली पिन काढली आणि कुलपात अडकलेला तुकडा ओढायला बसली. खेळात ती एका फाशात कुलपं उघडते. इथं तिच्या कपाळावर घाम आला होता आणि तुकडा आणखी आत जात होता. मी घरातली खिळे ठोकायची हातोडी आणली आणि झाकणावर घाव घालायला लागलो. हातोडी टणाटण उडत होती. पट्टीवर साधा पोचाही येत नव्हता.

मग दुसरा फोन वाजला. धाकटीचा.

आता जे सांगतोय ते मी त्यानंतर कुणालाच नीट सांगितलेलं नाही. पेटी कुठून फुटेल हे मला पहिल्या घावाआधीच माहीत होतं. पेटीचा तळ खोटा आहे. लाकूड कमी पडलं, आणलेल्यात गाठी निघाल्या, म्हणून मी तळाला हलका प्लायवूड ठोकला, वरून मखमल चिकटवली, खालून रंग दिला. पालथी करून बघतंय कोण? पण माझं पितळ उघडं पडेल म्हणून मी झाकणावर घाव घालत राहिलो. दोन मिनिटं. बहीण अनवाणी जिने उतरत होती, तिचा नवरा समोर बसला होता, आणि मी माझी अब्रू जपत होतो. ती दोन मिनिटं मला अजून खातात.

धाकटी वर आली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी फोन दिला होता, पण रुग्णालयाच्या नंबरवर नुसतं संगीत वाजत होतं. तिचा स्वतःचा फोन पेटीत वाजून थांबला, तोही तिनं दारातून ऐकला. ती रडली नाही. पेटीपाशी येऊन बसली आणि दोन्ही हातांनी झाकण ओढायला लागली. नखं तुटली तरी ओढतच होती.

माझा फोन वाजला. तिसरा आणि शेवटचा.

"सरक," मी तिला म्हणालो. "तळ प्लायवूडचा आहे."

दातवालीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी पेटी पालथी घातली आणि टाच मारली. पहिल्याच लाथेत पाय आत गेला. लाज वाटावी इतकं सोपं होतं ते. फाटलेल्या मखमलीतून हात घातला, मनगट सोलवटलं, आणि फोन बाहेर काढला. अजून वाजत होता.

मी फोन घेतला आणि थांबा म्हणालो. बाईंचा आवाज शांत होता. किडनी मिळालीय, दोन तासांत पोचायचं आहे, पण होकार रुग्णानं स्वतः द्यायचा. मी फोन जावईबापूंपुढं धरला.

त्यांनी हात पुढं केला नाही.

"मीच टाकला होता आत," ते म्हणाले. "पाटी ठेवली त्याच्या जागी. एक दुपार मला वाट बघायची नव्हती, दादा. आणि खरं सांगू का, आज आला नाही तर बरं, असं वाटत होतं. ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही तर काय, ही भीती वाटते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. लाथ पेटीला घातली ती त्यांना घालावी, असं क्षणभर वाटलं. पण माझ्या पायाशी माझा स्वतःचा खोटा तळ पडला होता. भीतीपायी वेळ घालवणारे ते एकटेच होते, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? धाकटीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या बोटातून रक्त येत होतं.

मी एरवी दर रविवारी म्हणतो तेच म्हणालो. "जावईबापू, तुमची पाळी."

त्यांनी फोन घेतला. घसा खाकरला. "हो, मीच बोलतोय," म्हणाले, आणि थोडं थांबून, "येतो."

दातवाली गाडी काढायला आधीच पळाली होती. धाकटी पिशवी भरत होती. एकोणीस महिने दारामागं तयार ठेवलेली पिशवी ती परत उघडून तपासत होती. मी चपला शोधत होतो. जावईबापू टेबलापाशीच उभे होते. त्यांनी ती काळी पाटी उचलली, अंगठ्यानं खूण चाचपली.

"ही नेऊ का?"

"न्या," मी म्हणालो. "फोन मी धरतो."