उमलीलची लाल झूल

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुम्हाला चार पाय आहेत आणि एकही शब्द बोलता येत नाही. तुमच्या पाठीवर दोन सुटकेसा आहेत, गॅसची टाकी आहे आणि बटाट्यांचं पोतं आहे. वाट उभ्या चढाची आहे. मागून कोणीतरी "र्रा! र्रा!" करून हाकतो आहे. तुमच्या पुढे एक देखणा तरुण चालला आहे. त्याच्या पाठीवर फक्त एक हलकीशी मुलगी बसली आहे, आणि जो तो त्याचाच फोटो काढतो आहे. काय वाटेल तुम्हाला? खरं सांगा हं. मीसुद्धा आज खरंच सांगणार आहे.

मी एक जुनं खेचर आहे. मोरोक्कोतल्या ॲटलसच्या डोंगरात, अक्रोडाच्या झाडांनी वेढलेल्या एका गावात मी राहते. माझं वय माझ्या मालकालाही नक्की ठाऊक नाही. कोणी विचारलं, की बेलईद माझा ओठ वर करून दात दाखवतो आणि म्हणतो, "रकियाहून मोठी आणि माझ्याहून शहाणी." रकिया ही त्याची अकरा वर्षांची मुलगी.

माझी आई घोडी होती आणि बाप गाढव. माझा जन्म खाली सपाटीवर झाला. शनिवारच्या बाजारात बेलईदच्या वडिलांनी मला विकत घेतलं आणि तिथेच खोगीर शिवणाऱ्या म्हाताऱ्यासमोर उभं केलं. त्याने माझ्या पाठीवर वीत ठेवून मापं घेतली, जाड कापडात पेंढा ठासून भरला आणि पुढे लाकडी कमान बसवली. काही वर्षांनी त्या खोगिरातल्या पेंढ्याचे गोळे झाले. कमानीचं एक टोक माझ्या डाव्या खांद्यामागे टोचू लागलं आणि तिथे जखम झाली. आजही त्या जागी पांढरे केस उगवतात. बेलईदच्या वडिलांना फार वाईट वाटलं. त्यांनी मला नवं खोगीर शिवून घेतलं आणि जुनं छपरावर टाकून दिलं.

मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! पीठ, मीठ, सरपण, शाळेचा फळा, एकदा तर नवरी. पुढे परदेशी पाहुणे डोंगर चढायला येऊ लागले आणि त्यांचं सामान आलं. चाकांची सुटकेस पाठीवर चढली, की मला अजून हसू येतं. चाकं तिला आणि चालायचं मी! पण पाहुण्यांनी माझं कौतुकही केलं. एका बाईंनी दगडावर बसून माझं चित्र काढलं होतं. त्यात कान जरा जास्तच लांब आले होते, पण मी ते मनावर घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात रकियाची आई इज्जा मागावर बसली. तिने लाल लोकरीची एक झूल विणायला घेतली. कडेला पिवळे गोंडे, मधे चमचमणाऱ्या टिकल्या. बर्फामुळे मला बाहेर काम नव्हतं. गोठ्याच्या दारातून मी रोज तो माग बघत असे. इतकी वर्षं राबले, आता म्हातारपणी हे माझं कौतुक चाललं आहे, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात ती झूल घालून सगळ्या गावातून मिरवलेसुद्धा.

बर्फ वितळला आणि बेलईद बाजारातून एक तरुण खेचर घेऊन आला. दुधासारखं पांढरं. आमच्या बोलीत पांढऱ्याला उमलील म्हणतात, म्हणून त्याचं नाव उमलील पडलं. इज्जाने झूल झटकली, त्याच्या पाठीवर घातली आणि दोन पावलं मागे सरून म्हणाली, "अगंबाई, कसला दिसतोय!"

त्या दिवशी मी संध्याकाळचा चारा खाल्ला नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून माझं एकच काम झालं. उमलीलला काय मिळालं, ते बघायचं. त्याचा दाण्याचा तोबरा आधी भरला का? रकियाने त्याचं कपाळ किती वेळ खाजवलं? पाहुण्यांची मुलं त्याच्यावर बसायची आणि बटाटे माझ्यावर. तो चांगला होता हो. रात्री थंडी पडली, की मला चिकटून उभा राहायचा. त्याचा मला आणखीच राग यायचा.

आता त्या झुलीखालची गोष्ट सांगते. पाहुण्यांचा हंगाम एकदम सुरू झाला आणि उमलीलसाठी खोगीर शिवून घ्यायला वेळच मिळाला नाही. बेलईदने छपरावरचं जुनं खोगीर काढलं, झाडलं आणि त्याच्यावर चढवलं. "पुढच्या शनिवारी नवं शिवून आणू," तो म्हणाला, "तोवर झुलीखाली कोणाला काय दिसतंय!" पण दर शनिवारी नवे पाहुणे यायचे आणि बाजार राहून जायचा.

ते खोगीर माझं होतं, मित्रांनो. ते कुठे टोचतं, हे साऱ्या डोंगरात मला एकटीलाच माहीत होतं. उमलीलच्या खांद्यामागचे केस झडू लागले, ते मी पाहिलं. आम्ही जनावरं एकमेकांची दुखरी जागा हुंगतो, चाटतो. जाणता माणूस ते बघून काय ते ओळखतो. बेलईद समोर असताना मी एकदा जरी तिथे नाक लावलं असतं, तरी पुरलं असतं. मी मान फिरवली. मनात म्हटलं, झूल पाहिजे ना? मग हेही घे.

वसंताच्या सुट्टीत फ्रान्सहून सोलेन नावाची एक बाई तिच्या आठ वर्षांच्या मुलीला, माएलला, घेऊन आली. पाच दिवसांची वाट होती. बेलईदचा भाऊ कामासाठी शहरात गेला होता, म्हणून मदतीला रकिया आली. दुसऱ्या एका मोठ्या गटाचं सामान घेऊन म्हातारा हमादही त्याच वाटेने निघाला होता. त्याच्याबरोबर सहा खेचरं होती.

"काय रे बेलईद," हमादने पहिल्याच चढाला आवाज दिला, "खेचर आणलंस की नवरदेव? आणि पोरीला कशाला आणलीस डोंगरात?"

"हमाददादा," रकियाच म्हणाली, "सकाळी तुमचं खेचर सुटून गव्हात शिरलं होतं. ते कोणी धरून आणलं?"

"तू गं बाई, तूच. बोलायची सोयच नाही!"

पहिला दिवस हसण्यात गेला. दुसऱ्या दिवशी उमलील उतारावर अडखळू लागला. उतारावर ओझं पुढे सरकतं आणि ती कमान नेमकी तिथेच रुतते. मला माहीत होतं ना. तो थांबला, की मी मुद्दाम झपझप पुढे जायची.

"बघ, बघ म्हातारीकडे!" बेलईद त्याच्यावर ओरडला. "तिच्याकडून शीक जरा. आयतोबा कुठला!"

किती दिवसांनी माझं नाव निघालं होतं! मी आणखी जोरात चालले.

"नवरदेव रुसलाय," हमाद हसला. "मानपानात काही राहिलं वाटतं."

मुक्कामावर रकिया म्हणाली, "बाबा, याचं खोगीर काढून बघू या ना. तो उगाच नाही असं करत."

"वेडी आहेस का? घामेजलेल्या पाठीला डोंगराचं वारं लागलं, की जनावर आखडतं. घर येईपर्यंत खोगीर काढायचं नाही. माझ्या बापाने कधी काढलं नाही, त्याच्या बापानेही नाही."

"पण बाबा—"

"खोड आहे त्याची, दुसरं काही नाही. घाटात पुन्हा अडला, तर शनिवारी बाजारात उभा करतो. खालच्या वीटभट्ट्यांना खेचरं लागतातच."

रकियाचे डोळे भरून आले. ती उमलीलच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. आणि मी? मी शनिवारपर्यंतचे दिवस मोजत होते.

तिसऱ्या दिवशी घाट होता. चढ संपायच्या आधीच उमलील उभा राहिला. काठीने ढोसलं तरी हलेना. माएल घाबरून खाली उतरली.

"ठरलं," बेलईद म्हणाला. "शनिवारी बाजार."

खिंडीखाली मेंढ्या कोंडायचा एक दगडी वाडा आहे. दुपारी सगळे तिथे थांबले. हमादची खेचरंही रांगेने बांधली गेली. चहासाठी जाळ झाला. बेलईदने आमच्या खोगिरांचे पोटाखालचे तंग जरासे सैल केले. रकिया दोन तोबरे घेऊन आली आणि पहिला तोबरा तिने उमलीलच्या तोंडाला बांधला.

पहिला त्याला! जाणार होता ना तो शनिवारी? तरीही पहिला त्यालाच!

माझं डोकं फिरलं. मी कान मागे टाकले, मान लांब केली, लाल झूल दातांत धरली आणि सगळ्या ताकदीने ओढली. तिच्या चिंध्या करायच्या होत्या मला. टिकल्या तडतडून उडाल्या. सैल तंग घसरला आणि झुलीबरोबर खोगीरही एका बाजूला कलंडलं.

मग वास आला. सगळ्यांनाच आला.

उमलीलच्या डाव्या खांद्यामागे रकियाच्या तळहाताएवढी जखम होती. पेंढा तिच्यात चिकटून बसला होता. उमलील थरथरत होता, पण तोंडात तोबरा तसाच होता आणि तो खाली बघत होता.

बेलईद जवळ आला. त्याने ते खोगीर हातात घेतलं, कमान चाचपली आणि मटकन दगडावर बसला.

"बाबांनी हे टाकून दिलं होतं," तो म्हणाला. "मीच उचलून आणलं."

हमाद हळूच म्हणाला, "आता शनिवारी काय करतोस?"

"बाजारात तर जायचंच. विकायला नाही, याच्या पाठीचं माप द्यायला."

तेवढ्यात सोलेनने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला कळलं होतं!" ती म्हणाली. "बिचारी आपल्याला दाखवत होती!"

"आमची म्हातारीच ती," बेलईदने माझी मान थोपटली. "माणसाला कळलं नाही, ते हिला कळलं."

माएलने माझ्या मानेला मिठी मारली. हमादच्या गटातल्या पाच-सहा पाहुण्यांनी फोटो काढले. हमादने चहाच्या साखरेचा खडा माझ्या तोंडात घातला. गोड लागला नाही, असं मी म्हणणार नाही. गोडच होता. बेलईदने झूल झटकून माझ्या पाठीवर घातली. "आजपासून ही हिची," तो म्हणाला. पिवळे गोंडे माझ्या पोटाला गुदगुल्या करू लागले. सगळा हिवाळा मी ज्याची वाट पाहिली, ते सगळं एका दुपारी मिळालं.

तेव्हा उमलील सरकत सरकत माझ्याजवळ आला आणि त्याने माझ्या मानेवर आपलं नाक टेकलं. त्यालाही तसंच वाटलं असणार. मी त्याला वाचवलं म्हणून.

मित्रांनो, तुमच्याजवळ शब्द आहेत. "तसं नव्हतं हो" असं तुम्ही म्हणू शकता. मला तेही म्हणता आलं नाही. हेवा माझ्या पोटात होता आणि चिघळली मात्र दुसऱ्याची पाठ. तुमच्याकडे नाही ते दुसऱ्याजवळ दिसलं, तर रुसा हवं तर, एक दिवस चारा खाऊ नका. पण त्याचं दुखणं माहीत असताना मान फिरवू नका. आणि तुमच्यासाठी एखादं मुकं जनावर राबत असेल, तर त्याच्या झुलीचं कौतुक करून पुढे जाऊ नका. झुलीखाली हात घालून बघा.

आता रकियाचं सांगते. खेचराचे कान मागे चिकटले, की ते रागात असतं, हे आमच्या डोंगरातलं प्रत्येक पोर जाणतं. पण त्या वेळी सगळ्यांचं लक्ष झुलीकडे होतं. माझे कान फक्त रकियाने पाहिले होते.

कोमट मिठाच्या पाण्याने तिने उमलीलची जखम धुतली आणि माएलने तिला पाणी ओतून दिलं. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने माझा एक कान धरला आणि अगदी हळू म्हणाली, "मी पाहिलंय हं. तू काय करत होतीस, ते मी पाहिलंय."

मी मान खाली घातली. आता ही सगळ्यांना सांगणार, असं मला वाटलं.

तिने माझ्या पाठीवरची झूल काढून दगडावर ठेवली आणि माझा तंग सोडायला घेतला.

"अगं, तिला घाम आलाय!" बेलईद म्हणाला.

"पुसते ना, बाबा."

तिने माझं खोगीर उतरवलं. पेंढ्याची मूठ करून माझी पाठ कोरडी केली. मग मानेपासून शेपटीपर्यंत, दोन्ही अंगांनी, तिने सावकाश तळहात फिरवला. पांढऱ्या केसांपाशी जरा थांबली. डोंगराचं वारं उघड्या पाठीला लागलं. मी काही आखडले नाही.

मग फ्रॉकला हात पुसत ती हमादच्या पहिल्या खेचराकडे गेली.

"ए पोरी!" हमाद चहाचा पेला ठेवून उठला. "त्याला हात लावू नकोस, घामाघूम झालंय ते!"

"म्हणून तर, हमाददादा," रकिया म्हणाली आणि तिने तंग सोडला.